घरगाडीचे कपाळ

वऱ्हाडातील शेतकऱ्याची बंडी पावसाळ्यात शेतातून घरी परतते, तेव्हा तिच्याकडे एकवार बाजूने पाहावे आणि मग समोरून पाहावे. बाजूने चाके तेवढी चिखलाने माखलेली दिसतात. समोरून मात्र बंडीचा पुढला सारा भाग, गाडीवानाच्या गुडघ्यांपर्यंत, काळ्या शिंतोड्यांनी भरलेला आढळतो. हा चिखल वाऱ्याने आलेला नसतो. समोरून येणाऱ्या दुसऱ्या गाडीनेही तो उडविलेला नसतो. तो तिच्याच बैलांच्या खुरांनी उडविलेला असतो. जो ओढतो तोच मागच्याचे तोंड मळवितो, हा ओढल्या जाणाऱ्या प्रत्येक वाहनाच्या नशिबी आलेला नियम आहे. बैलांचा वेग ताशी चार-पाच किलोमीटरांचा, म्हणून बंडीच्या बाबतीत हा नियम शिंतोड्यांवर भागतो. बैलांच्या जागी मोटार आली आणि वेग वीसपट झाला, म्हणजे शिंतोड्यांच्या जागी दगड येतात.

मोटारीच्या मागे जोडून ओढत न्यावयाचे जे छोटेखानी घर, त्यास कॅराव्हॅन म्हणतात. निजावयास बिछाने, रांधावयास शेगडी, पाण्यास नळ आणि भोवती चार भिंती असा तिचा सारा संसार एका अगर दोन आसांवर उभा असतो. आपल्याकडे ज्या पर्यटनगाड्या दिसतात त्यांपैकी बहुतेकांच्या अंगी स्वतःचे इंजिन असते. मागे जोडावयाची गाडी अद्याप विरळाच. तथापि महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले, आणि त्यानंतर नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग ११ डिसेंबर २०२२ रोजी शिर्डीपर्यंत व ५ जून २०२५ रोजी संपूर्ण ७०१ किलोमीटर खुला झाला. साहजिकच शहरातील हौशी कुटुंबांच्या मनात, घरच बरोबर घेऊन महाराष्ट्र पाहावा, असा विचार येऊ लागला आहे. अशा मागे जोडावयाच्या गाडीस घरगाडी म्हटल्यास अर्थ सहज ध्यानात येतो.

ही कल्पना नवी वाटली तरी तिची वंशावळ जुनी आहे. कॅराव्हॅन या शब्दाचे मूळ फार्सी 'कारवान' हे होय, आणि कारवान म्हणजे तांडा. वाशीम जिल्ह्यात मानोरा तालुक्यातील पोहरादेवी हे बंजारा समाजाचे तीर्थक्षेत्र आहे. संत सेवालाल महाराजांची समाधी येथे असून रामनवमीच्या यात्रेस लाखो लोक जमतात. या समाजाच्या पूर्वजांनी पाठाळ बैलांच्या तांड्यांवर धान्य व मीठ लादून सारे दख्खन पालथे घातले. घर सोडून प्रवास न करता घरासह प्रवास करण्याची विद्या या भूमीस तेव्हापासून परिचित आहे. इंग्लंडात विल्यम गॉर्डन स्टेबल्स नामक एका डॉक्टराने १८८५ साली केवळ मौजेखातर घोड्यांनी ओढावयाची एक घरगाडी बांधवून घेतली आणि तिचे नाव 'भटक्या' या अर्थी ठेवले. मोटारीमागे जोडावयाच्या घरगाड्यांचा धंदा तेथे १९१९ च्या सुमारास सुरू झाला. घोडे गेले आणि मोटार आली, तेव्हाच घरगाडीच्या पुढल्या भिंतीचा प्रश्न खऱ्या अर्थाने उपस्थित झाला.

वाशीम जिल्ह्याच्या भूमीत हा प्रश्न विशेष तीव्र होण्याजोगा आहे. समृद्धी महामार्ग कारंजा, मंगरूळपीर व मालेगाव या तालुक्यांतून जातो. अकोल्याहून वाशीम, हिंगोली, नांदेड असा जाणारा १६१ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्गही जिल्ह्यास छेदून जातो. परंतु प्रवाशास जे पाहावयाचे असते ते महामार्गाच्या कडेला क्वचितच असते. नृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान कारंजा, अंतरिक्ष पार्श्वनाथाचे शिरपूर, वाकाटकांची वत्सगुल्म नगरी म्हणून प्राचीन काळी गाजलेले वाशीम आणि तेथील पद्मतीर्थ, पोहरादेवी, तसेच सीमेपलीकडचे बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवर, यांपैकी कोठेही जावयाचे तर महामार्ग सोडून लहान रस्त्यास लागणे प्राप्त असते.

या लहान रस्त्यांच्या तळाशी असते ती काळी माती. ती पाणी पिऊन फुगते व उन्हात आकसून भेगाळते. तिच्यावर घातलेल्या डांबराच्या थरासही या फुगण्या-आकसण्याचा ताप सोसावा लागतो. त्यास तडे जातात, तड्यांत पाणी शिरते आणि कडेची गिट्टी सुटी होते. ही गिट्टी काळ्या पाषाणाची, म्हणजे बेसॉल्टची असते. नदीतील गोटा गुळगुळीत असतो, तर फोडलेल्या गिट्टीस धार असते. पावसाळ्यात त्याच मातीचा चिकट चिखल होतो आणि उन्हाळ्यात तिचीच धूळ. सोयाबीनच्या हंगामात रात्री प्रवास केला तर दिव्यांकडे झेपावणाऱ्या किड्यांची त्यात भर पडते. असे हे चार शत्रू: गिट्टी, चिखल, धूळ आणि कीटक. पैकी गिट्टी हा मुख्य. बाकीचे तिघे सावकाशीने इजा करणारे.

आता ज्या भिंतीवर हा हल्ला व्हावयाचा ती कशाची असते ते पाहावे. घराची भिंत विटेची असते. घरगाडीची तशी असून चालत नाही, कारण तिचे प्रत्येक किलो वजन मोटारीस ओढावे लागते. म्हणून पुढली भिंत ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्याची, फायबरची किंवा तत्सम प्लास्टिकची करतात. खिडकीस बहुधा काच नसून ॲक्रिलिकचे दुपदरी तावदान असते. ॲक्रिलिक हलके व पारदर्शक खरे, पण त्यावर ओरखडा फार लवकर उठतो. पत्र्यास दगड लागला तर पोचा पडतो. फायबरला लागला तर वरचा चकाकता थर तारकेसारखा तडकतो, आणि त्या बारीक तड्यांतून पाणी आत झिरपू लागते. भिंतीच्या आत लाकडी चौकट असली तर ती त्या पाण्याने कुजते. दिसावयास टिकलीएवढी दिसणारी जखम दोन पावसाळ्यांनंतर भिंतीच्या पोटात किती पसरली आहे, हे बाहेरून कळत नाही.

दगड गाडीवर येऊन आपटतो असे सर्वजण म्हणतात. वास्तविक घडते ते निराळे. चाकाचा जो बिंदू रस्त्यास टेकलेला असतो तो त्या क्षणापुरता रस्त्याशी स्थिर असतो. चाकाच्या नक्षीत अडकलेला खडा चाकाबरोबर थोडा वर उचलला जाऊन सुटतो, तेव्हा मोटारीत बसलेल्यास तो जोराने मागे फेकल्यासारखा वाटतो. परंतु रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या माणसास तोच खडा बहुतांशी जागच्या जागी वर उसळलेला दिसेल. म्हणजे खडा क्षणभर हवेत लोंबकळत असतो आणि मागून येणारी घरगाडी मोटारीच्या पूर्ण वेगाने त्याच्यावर जाऊन आदळते. दगड गाडीवर येत नाही. गाडीच दगडावर जाते. हा भेद शाब्दिक नाही. दगडाचा वेग आपल्या हाती नसतो, गाडीचा असतो.

हा आघात किती मोठा, याचा अंदाज उंचीच्या भाषेत करता येतो. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी खड्यावर आदळते तेव्हा तो खडा सुमारे ६ मीटरांवरून, म्हणजे दोन मजली घराच्या गच्चीवरून टाकल्याइतका आघात होतो. वेग ६० झाला की ही उंची १४ मीटर होते, ८० झाला की २५ मीटर, आणि १०० झाला की ३९ मीटर. वेग दुप्पट केल्यास आघात चौपट होतो, हे गणित यामागे आहे. आठ मजली इमारतीच्या गच्चीवरून कोणी धारदार गिट्टी ॲक्रिलिकच्या तावदानावर टाकू लागला तर त्यास कोणीही अडवील; परंतु खराब रस्त्यावर ८० च्या वेगाने घरगाडी ओढणारा गृहस्थ तेच कृत्य दर मिनिटास करीत असतो आणि त्याच्या ते गावीही नसते. उलट वेग ८० वरून ६० वर आणला, तर आघाताचा जवळजवळ ४४ टक्के भाग एक पैही खर्च न करता नाहीसा होतो.

या प्रकरणात आणखी एक चमत्कारिक गोष्ट घडते. ऑस्ट्रेलियात शेकडो मैलांचे कच्चे रस्ते आहेत व त्यांवरून घरगाड्या नित्य जातात. तेथील प्रवाशांस असे आढळून आले, की मोटारीच्या मागल्या चाकांनी उडविलेले दगड घरगाडीच्या सपाट पुढल्या भिंतीवर आदळून उलट फिरतात आणि मोटारीचीच मागली काच फोडतात. आपणच उडविलेला दगड आपल्याच पाठीत बसतो. मोटारीच्या मागल्या बाकावर बहुधा मुले बसलेली असतात, हे ध्यानात घेतले म्हणजे हा प्रश्न रंगाचा वा पत्र्याचा उरत नाही.

मग उपाय कोणते? ते अनेक आहेत. पण त्यांचा क्रम लावताना एक सूत्र धरले म्हणजे गोंधळ होत नाही. जेथे दगड उडतो तेथपासून आरंभ करून जेथे तो आदळतो तेथवर यावे. पुष्कळ लोक नेमके उलट करतात. गाडी घेतल्याबरोबर तिच्या तोंडास झूल आणतात, आणि झूल घातली म्हणजे निर्धास्त होऊन वेग वाढवितात.

पहिला उपाय वेगाचा. त्याचे गणित वर आलेच आहे. खडी पसरलेला, दुरुस्तीचे काम चाललेला अगर नुकताच डांबर शिंपडून बारीक खडी घातलेला रस्ता लागला, की बंडीच्या नाही तरी सायकलीच्या वेगावर यावे. याच उपायाचे दुसरे अंग म्हणजे अंतर. पुढे मालमोटार असेल तर तिच्या जुळ्या चाकांच्या फटीत गिट्टी अडकून बसलेली असू शकते. अशी गिट्टी मोठी असते व ती सुटते तेव्हा बेताबाताने सुटत नाही. ताशी ८० च्या वेगात तीन सेकंदांचे अंतर म्हणजे सुमारे ६७ मीटर होतात. घरगाडी जोडलेली असता थांबावयासही अधिक जागा लागते. म्हणून हे अंतर त्याहून वाढवावे, घटवू नये.

दुसरा उपाय मोटारीच्या चाकांपाशी. मालमोटारीच्या मागल्या चाकांमागे लोंबणारे रबरी पडदे सर्वांनी पाहिलेले असतात; मडफ्लॅप ते हेच. लहान मोटारीस बहुधा ते नसतात, किंवा असले तर शोभेपुरते असतात. घरगाडी ओढणाऱ्या मोटारीस चाकाहून किंचित रुंद व पुरेसे जाड मडफ्लॅप बसवून घ्यावेत. ते जितके खाली तितका उपयोग अधिक, हे खरे. पण रस्त्यास घासतील इतके खाली आणले तर पहिल्याच गतिरोधकावर फाटतात, आणि गाडी मागे घेताना चाकाखाली सापडून उखडतात. मोटारीच्या धुराड्याच्या नळीपासूनही त्यांस दूर ठेवावे, कारण तापलेल्या नळीपाशी रबर टिकत नाही. हा उपाय अल्प खर्चाचा आहे. दगड उडताक्षणीच तो त्यास खाली पाडतो.

तिसरा उपाय मोटार व घरगाडी यांच्या मधल्या जागेत करावयाचा. घरगाडीच्या पुढे लोखंडी त्रिकोणी सांगाडा असतो, त्याच्या टोकाशी जोडकडी असते. या सांगाड्यावर बळकट जाळी उभी करतात. ती सरळ उभी न करता अशी कलती बसवितात, की तीवर आदळलेला दगड उलट मोटारीकडे न जाता खाली रस्त्यावर पडावा. पत्र्याऐवजी जाळी घेण्याचे कारण असे, की पत्र्यावर दगड टणत्कार करून उसळतो आणि वाराही अडतो; जाळी वाऱ्यास वाट देते व थोडी लवून दगडाचा जोर खाते. मात्र जाळी बसविल्यावर दोन गोष्टी तपासाव्यात. मोकळ्या मैदानात मोटार सावकाश उजवीकडे व डावीकडे पूर्ण वळवून पाहावी. वळणात मोटारीचा कोपरा जाळीस लागता कामा नये. दुसरे म्हणजे जाळीचे वजन जोडकडीवर पडते. घरगाडीच्या एकूण भारापैकी साधारण ५ ते ७ टक्के भार जोडकडीवर असावा, असा ब्रिटनमधील घरगाडीवाल्यांचा प्रघात आहे. गाडी बनविणाऱ्याने व मोटार बनविणाऱ्याने दिलेली मर्यादा मात्र कोणत्याही प्रघाताहून मोठी. तीपलीकडे जाऊ नये.

येथपर्यंतचे उपाय झाल्यावर मग घरगाडीच्या अंगावरील उपायांकडे वळावे. हे दोन प्रकारचे. एक म्हणजे पारदर्शक चिकट पापुद्रा, जो पुढल्या भिंतीच्या खालच्या अर्ध्या भागावर कायमचा चिकटवितात. दगडाचे घाव प्रायः याच भागावर बसतात. हा पापुद्रा लहान खड्यांचे ओरखडे स्वतःवर घेतो व काही वर्षांनी बदलता येतो. तावदानावर मात्र वाटेल तो पापुद्रा चिकटवू नये. ॲक्रिलिकला त्यातील डिंक मानवेल की नाही, हे गाडी बनविणाऱ्यास विचारूनच ठरवावे.

दुसरा प्रकार म्हणजे झूल. पोळ्याच्या दिवशी बैलाच्या पाठीवर घालतात तिची ही दूरची बहीण. जाड, जलरोधक कापडास आतून मऊ अस्तर लावलेली ही झूल घरगाडीच्या तोंडावर ताणून बांधतात. चिखल, कीटक, डांबराचे थेंब व बारीक खडी यांपासून ती उत्तम रक्षण करते. परंतु झूल ही मित्र आहे की शत्रू, हे ती कशी बांधली यावर ठरते. ताशी ८० च्या वेगात वाऱ्याचा दाब समोरच्या प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे ३० किलो वजनाइतका होतो. पुढच्या मोटारीच्या आडोशाने तो काही ठिकाणी कमी होतो. पण वरच्या कडेवर व दोन्ही कोपऱ्यांवर, जेथे आडोसा नसतो तेथे, वारा कापडाखाली शिरू पाहतो. एखादी कड जरा सैल राहिली की कापड फडफडू लागते. अस्तराखाली धूळ असली तर प्रत्येक फडफडीबरोबर ती धूळ रंगावर घासली जाते. वाशीम ते अकोला एवढ्या प्रवासात असे हजारो घासे बसतात. ज्या झुलीने रंग राखावयाचा तिनेच तो सहाणेवर चंदन उगाळल्यासारखा उगाळलेला असतो.

म्हणून झुलीचे काही दंडक पाळणे अवश्य आहे. ती त्या गाडीच्या मापाचीच असावी. ताडपत्री दोरीने गुंडाळून काम भागत नाही. घालण्यापूर्वी गाडीचे तोंड पाण्याने धुऊन वाळवावे व अस्तर झटकून घ्यावे. पट्टे सर्व बाजूंनी सारखे ताणावेत आणि पहिल्या दहा-पंधरा किलोमीटरांवर थांबून पुन्हा पाहावेत, कारण वाऱ्याने कापड जरा बसते व पट्टे सैल पडतात. घरगाडीच्या तोंडावर जे दिवे असतात ते झुलीखाली झाकले गेले, तर झुलीवर दुसरे दिवे असल्याशिवाय ती घालू नये. अंधारात घरगाडीची रुंदी समोरच्यास कळलीच पाहिजे. ती मोटारीहून बरीच रुंद असते. मुक्कामावर पोचताच झूल काढावी. एप्रिल-मे महिन्यांतील वाशीमच्या उन्हात अंगास चिकटलेले कापड तावदान तापविते, आणि पावसाळ्यात ते ओल धरून ठेवते. ओली झूल घडी करून पेटीत टाकणे म्हणजे बुरशीस आवतण देणे होय.

घरगाडीच्या तोंडाशीच आणखी एक गोष्ट असते, जिच्याकडे झुलीच्या गडबडीत दुर्लक्ष होते. गॅसची टाकी ठेवण्याचा कप्पा बहुतेक गाड्यांत पुढेच असतो. स्वयंपाकाचा गॅस हवेहून जड असल्यामुळे गळती झालीच तर तो खाली उतरतो. यासाठी त्या कप्प्याच्या तळाशी झरोके ठेवलेले असतात. काळ्या मातीचा चिखल याच झरोक्यांवर बसतो व वाळून दगडासारखा घट्ट होतो. मग तो गॅस बाहेर न जाता कप्प्यातच कोंडून राहतो. चिखलाच्या रस्त्यावरून आल्यावर शेगडी पेटविण्यापूर्वी हे झरोके काडीने मोकळे करून पाहणे, हा नियम घरातील एका माणसाकडे नेमून द्यावा. तसेच निघताना पुढले तावदान बंद करून त्याच्या खिट्ट्या लावल्या आहेत काय, हेही त्याच माणसाने पाहावे. सैल तावदान वाऱ्याने उचलले जाऊन बिजागरीसह जाते.

मुक्कामी पोचल्यावर धुण्याचीही एक रीत आहे. वाळलेला किडा कोरड्या फडक्याने खरवडून काढणे ही सर्वांत मोठी चूक. ओले फडके त्या जागी दहा मिनिटे चिकटवून ठेवावे. किडा आपोआप सुटतो. तो दोन-चार दिवस तसाच उन्हात राहू दिला तर त्याचे डाग रंगात उतरतात, म्हणून हे काम उद्यावर टाकू नये. धूळही प्रथम भरपूर पाण्याने वाहवून लावावी, मगच हात लावावा. डांबराचा ठिपका दिसला की स्पिरिटची बाटली शोधण्याचा मोह होतो; परंतु स्पिरिट अगर काचा पुसण्याची तीव्र औषधे ॲक्रिलिकला लागली तर त्यात कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तडे उमटतात, आणि ते पुन्हा जात नाहीत. साधा सौम्य साबण व मऊ फडके यांपलीकडे तावदानास काही लावू नये. धुताना प्रत्येक नवा घाव बोटाने चाचपून पाहावा. वरचा थर फुटलेला असेल तर त्याच दिवशी तात्पुरती चिकटपट्टी लावून पाणी रोखावे व परतल्यावर तो भरून घ्यावा. आपल्याकडे या गाड्यांची तावदाने गावोगावच्या दुकानांत मिळत नाहीत. म्हणून येथे दुरुस्तीहून निगा शतपटीने स्वस्त पडते.

या साऱ्या उपायांकडे एकत्र पाहिले म्हणजे त्यांत एक भेद दिसून येतो. पापुद्रा आणि झूल ही केवळ स्वतःच्या गाडीस वाचवितात. उडालेला दगड त्यांनी थांबत नाही. तो आपल्या गाडीस लागला नाही एवढेच, आणि मग तो दुसऱ्या कोणास लागावयास मोकळा असतो. मडफ्लॅप आणि आवरलेला वेग मात्र दगडास उडूच देत नाहीत, किंवा उडाला तरी त्याचा जोर मोडतात. महामार्ग सोडून मानोऱ्याच्या वा रिसोडच्या बाजूस वळलेली घरगाडी ज्या रस्त्याने जाते, त्याच रस्त्याने शाळेत जाणारी मुले जातात, कापूस भरलेल्या बंड्या जातात, दुचाकीवर लेकरास पुढे बसवून बाप जातो, आणि रामनवमीच्या सुमारास पोहरादेवीची वाट धरलेले यात्रेकरू पायी जातात. त्यांच्या तोंडावर झूल नसते. नीट न बांधलेली झूल सुटून मागच्या दुचाकीस्वाराच्या तोंडावर गेली, तर रक्षणाच्या साधनानेच घात केला असे होईल. म्हणून उपायांचा वर सांगितलेला क्रम केवळ सोयीचा नाही. दगडाच्या उगमाशी केलेला उपाय सर्वांचा असतो, आणि उगमापासून दूर जावे तसतसा तो एकट्याचा होत जातो.

बंजाऱ्यांच्या तांड्यात ही गोष्ट निराळ्या रीतीने ठाऊक होती. रसेल व हिरालाल यांनी १९१६ साली प्रसिद्ध केलेल्या मध्यप्रांतातील जातिजमातींवरील ग्रंथात तांड्याच्या अग्रभागी चालणाऱ्या एका बैलाचे वर्णन आले आहे. त्यास हटाडिया म्हणत. त्याच्या पाठीवर कधी ओझे लादीत नसत. घुंगरू, कवड्या व रेशमी गोंडे यांनी तो शृंगारलेला असे. तो संथपणे पुढे चाले, आणि जेथे तो थकून बसे तेथे सारा तांडा मुक्काम करी. तांड्याचा वेग मागचे ठरवीत नसत. जो सर्वांच्या पुढे असे त्याच्या चालीने मागचे चालत. घुंगरू व कवड्या ही शोभा होती. तांड्याचे रक्षण त्या संथ चालीत होते.

घरगाडीच्या बाबतीत तो पुढचा बैल म्हणजे मोटार हाकणारा गृहस्थ होय. त्याच्या मागे घर आहे, घराच्या पुढे पातळ भिंत आहे, मधल्या बाकावर मुले आहेत आणि रस्त्याच्या कडेला परक्यांची मुले आहेत. जाळी, पडदे, पापुद्रा व झूल ही सर्व साधने त्याने अवश्य घ्यावीत. परंतु गिट्टीचा रस्ता लागताच पाय उचलून वेग उतरविणे, हे जे एक साधन बाजारात विकत मिळत नाही, ते त्याने प्रथम जवळ करावे. मुक्कामी पोचल्यावर समोर उभे राहून त्याने घरगाडीचे तोंड पाहावे. त्यावर चिखलाचे शिंतोडेच तेवढे असतील, तर त्याने बंडीवाल्याची विद्या आत्मसात केली असे खुशाल समजावे.